जरा माणसासारखं खेळ!

गिरणीत बसलं की पीठ अंगावर साचतं आणि किस्से डोक्यात. पीठ निदान संध्याकाळी झटकता येतं!

आमच्या कॅसलरॉकला करंट जायला काही कारण लागत नाही. जंगलात कुठंतरी फांदी पडते आणि इथं माझी गिरण थांबते. मग दळण घेऊन आलेली माणसं काय करणार? ज्यांची घरी कुणी वाट बघत नाही, ते माझ्या बाकावर बसून बुद्धिबळ खेळतात. करंट आला की डाव बंद, दळण सुरू. असा आमचा क्लब. याला अध्यक्ष नाही, पाटी नाही, आणि आता तर खेळणारेही फारसे उरले नाहीत. ते का उरले नाहीत, हे सांगायचं तर किस्सेच सांगावे लागतील.

माणसं थोडीच आहेत. एक तुकाराम अण्णा. मूळचे गुंदचे, गुडघे गेले म्हणून शेती मुलाच्या हवाली करून इथं लेकीकडे राहायला आलेले. दुसरा परशा, रेल्वेत ट्रॅकमन. तिसरे मिराशी सर, खानापूरकडचे, हायस्कूलात विज्ञान शिकवतात आणि बाहेरही शिकवायचं थांबत नाहीत. आणि चौथी परशाची मुलगी रुक्मी. खरी खेळणारी ती एकटीच, आम्ही बाकीचे सोंगट्या हलवणारे!

शहरातल्या एका कॉलेजनं रुक्मीला सांगितलं होतं की, बारावीपर्यंत एखाद्या मोठ्या स्पर्धेत पहिल्या तिघांत ये, स्पोर्ट्स कोट्यातून सीट देतो, हॉस्टेलसकट. नाही जमलं, तर रामनगरला आत्याच्या कापडाच्या दुकानात बसायचं ठरलेलं. परशानं तिला हे लपवून ठेवलं नव्हतं. आमच्यापासूनही नाही.

*

आमच्यात एक रीत होती. करंट आला की डाव अर्धा राहायचा आणि भांडण सुरू व्हायचं. "ह्यो डाव माझाच हुता!" दोघंही तेच म्हणायचे. त्यावर अण्णांनी तोडगा काढला. जो म्हणेल मी जिंकलो असतो, त्यानं पुढच्या वेळी तीच मांडणी लावून जिंकून दाखवायची. दाखवली, की जागा बदलायच्या. आता हरलेल्यानं जिंकणारी बाजू घेऊन जिंकायचं. याला आम्ही 'उलटं बसणं' म्हणायचो. दोघांनाही जिंकता आलं, तरच डाव खरा. नाहीतर अण्णा म्हणायचे, "समोरचा बिनडोक हुता, येवढंच ठरलं!"

एका पावसाळ्यात परशाकडं राजा आणि दोन घोडे उरले, अण्णांकडं राजा आणि एक प्यादं. अण्णा पाय लांब करून म्हणाले, "दोन घोड्यांनी मात हुत न्हाई मर्दा. बरोबरी झाली, चहा सांग."

नुसता राजा असता तर अण्णांचं खरं होतं. दोन घोडे राजाला कोपऱ्यात नेतात, पण शेवटी त्याला शहही नसतो आणि हलायला जागाही नसते. चालच नाही, म्हणजे बरोबरी. पण अण्णांकडं प्यादं होतं ना! राजा कोंडला तरी प्यादं हलवता येतं, म्हणजे हलवावंच लागतं, आणि बरोबरीची ती पळवाट बंद होते. परशाला एवढं कळलं. त्यानं एक घोडा प्याद्याच्या पुढ्यात उभा केला आणि दुसरा घोडा घेऊन अण्णांच्या राजाच्या मागं लागला.

म्हणायला हे सोपं आहे. अख्खा पावसाळा त्यात गेला! कधी राजा निसटायचा, कधी प्यादं, कधी करंट यायचा. उलटं बसून, सुलटं बसून दोघांनी पट झिजवला. रुक्मी शाळेतून आली की दप्तर पिठाच्या पोत्यावर टाकून दोघांपैकी जो उठेल त्याच्या जागेवर बसायची. श्रावणापर्यंत ती दोन्ही बाजूंनी खेळत होती आणि दोघांनाही हरवत होती.

शेवटची मात झाली तेव्हा अण्णांनी आपला राजा आडवा केला आणि म्हणाले, "काय बी नसतं तर वाचलो असतो की रं. येवढं येक प्यादं उरलं म्हणून मेलो!"

आम्ही हसलो. अण्णा काही हसले नाहीत.

*

मग मिराशी सरांचा फोन आला. म्हणजे नवा फोन. त्यात चाली सुचवणारं बुद्धिबळाचं इंजिन, आणि वर टेबलबेस.

सरांनी आम्हाला टेबलबेस म्हणजे काय ते समजावलं. पटावर सातच सोंगट्या उरल्या, की पुढं काय होणार हे सगळं आधीच काढून ठेवलेलं आहे. मशीननं मात झालेल्या पटापासून सुरुवात केली, आणि एकेक चाल उलटी मागं येत सगळ्या मांडण्यांचा निकाल लावून टाकला. ही जिंकलेली, ही हरलेली, ही बरोबरी. आता ते विचार करतच नाही. नुसतं बघतं आणि सांगतं.

"म्हंजे मढ्यापासनं मागं येतंय," अण्णा म्हणाले.

अडचण एकच होती. रेंज येते ती फक्त स्टेशनच्या पुलावर. मग डाव मोडला की सर पटाचा फोटो काढायचे, पूल चढायचे, आणि खाली येऊन निकाल सांगायचे. "काळा जिंकतो." "बरोबरी." झालं! कोण भांडणार? उलटं बसायची गरजच संपली.

एक दिवस धुक्यात पुलावरही रेंज मिळाली नाही. सर हात हलवत परत आले. मी म्हटलं, "मग बसा की उलटं, पहिल्यासारखं." परशानं अण्णांकडं बघितलं, अण्णांनी पटाकडं. दोघं हातांची घडी घालून करंट येईपर्यंत गप्प बसून राहिले. शेवटी परशा म्हणाला, "उद्या रेंज आली की कळंलच की. उगंच खेळून काय करायचं?"

त्या दिवशी मला त्या फोनचा पहिल्यांदा खरा राग आला.

*

अण्णांना मशीनशी खेळायची हौस आली. सरांनी पुलावर नेऊन त्यांना जिंकलेली बाजू दिली, समोर मशीन. चार चाली झाल्या नाहीत तोच मशीननं आपला हत्ती फुकट देऊन टाकला.

अण्णा भडकले. "ह्ये काय खेळतंय? माझी चेष्टा करतंय व्हय?"

सर म्हणाले, "अण्णा, त्याला माहिती आहे की आपण हरलोय. हत्ती राखला काय, दिला काय, निकाल तोच. त्याच्या लेखी हरणाऱ्या सगळ्या चाली सारख्याच."

अण्णा पुलाच्या कठड्याला धरून उभे राहिले. गुंदला त्यांच्या भातात दर साली गवे उतरतात. दर साली तेच कुंपण, तेच डबे वाजवणं, आणि दर साली गवे खाऊन जातात. त्यांनी फोन सरांच्या हातात दिला.

"सर, त्येला आमच्याकडं धाडा. हरल्याला डाव कसा खेळायचा ते दावतो. हत्ती बित्ती न्हाई देत आमी!"

*

दुसरा एक लहानसाच किस्सा. टेबलबेसनं एका मांडणीला 'जिंकलेली' म्हटलं आणि खाली वेगळ्याच रंगात काहीतरी लिहिलं. परशानं विचारलं, हे काय?

सर म्हणाले, "पन्नास चालींचा नियम आहे. पन्नास चालींत कुणी सोंगटी मारली नाही, प्यादं हललं नाही, तर बरोबरी मागता येते. हा डाव जिंकलेला आहे, पण जिंकायला त्यापेक्षा जास्त चाली लागतात. म्हणजे पांढरा जिंकलेला आहे, पण नियमात बसत नाही."

"कळलं," अण्णा लगेच म्हणाले. एरवी सरांचं काही चटकन न कळणारे अण्णा! "आमच्या रानाकडल्या जमिनीचं तसंच हाय. आज्यापासनं आमीच कसतोय. आमचीच हाय म्हणून समदे मानत्यात. उताऱ्यावर खाली वेगळ्या रंगात जंगल खात्याचं काय तरी लिवलंय, येवढंच."



*

आता रुक्मीचा किस्सा. हा सांगताना माझा आवाज चढतो, तेवढं चालवून घ्या.

अकरावीत ती मोठ्या स्पर्धेला गेली. शहराचं नाव सांगत नाही. परशा, सर आणि मी बरोबर होतो. शेवटून दुसऱ्या फेरीत तिच्याकडं राजा आणि दोन घोडे उरले, आणि समोरच्या मुलाकडं राजा आणि एक प्यादं! त्या मुलाला वाटलं, सुटलो. तो पाणी पिऊन आला, मित्राला डोळा मारून आला. रुक्मीनं घोडा प्याद्यासमोर ठेवला आणि दुसरा घोडा हातात घेतला. मला गिरणीतला पावसाळा डोळ्यांसमोर दिसायला लागला. परशाला तर हुंदकाच आला.

तिनं मात केली. पन्नास चालींच्या आत. अख्खा हॉल गोळा झाला होता. मला वाटलं, आता टाळ्या वाजतील.

वाजल्या नाहीत. पंच लॅपटॉप घेऊन आले. त्यांनी चाली घालून बघितल्या. एकूण एक चाल टेबलबेसशी जुळत होती.

"मुली, हा शेवट भल्याभल्यांना खेळता येत नाही. तुला कुणी शिकवला?"

"भांडणातनं शिकले," रुक्मी म्हणाली. खरं तेच सांगितलं तिनं! पंचांना वाटलं, पोरगी उलट बोलते.

कुठं फोन बिन लपवलाय का म्हणून झडती झाली. एक बाई तिला आतल्या खोलीत घेऊन गेली. दार लागलं. बराच वेळ गेला. बाहेर आली तेव्हा तिची वेणी सोडलेली होती, कानांतलं हातात होतं, केसांतली अबोलीही हातात होती. सापडलं काहीच नाही. आत काय काय तपासलं ते तिनं कधी सांगितलं नाही, आणि विचारायचं परशाला धाडस झालं नाही.

परशा पंचांपुढं हात जोडून उभा. "सायेब, आमच्या गावात रेंज बी येत न्हाई. पुलावर चढावं लागतंय!"

"म्हणजे ऑफलाइन असणार," पंच म्हणाले. "पण एवढं सगळं फोनमध्ये मावतं का?"

प्रश्न कुणाला विचारला नव्हता. हॉलमध्ये शंभर माणसं गप्प होती. पण शिकवायची संधी आली आणि आमचे मिराशी सर गप्प बसले, असं कधी झालंय का? ते पुढं झाले आणि स्पष्ट, खणखणीत आवाजात म्हणाले, "सात सोंगट्यांचं नाही मावत सर. पण पाचचं आरामात मावतं!"

राजे दोन, घोडे दोन, प्यादं एक. परशानं बोटांवर मोजलं आणि हात खाली सोडला.

चौकशी पूर्ण होईपर्यंत पॉइंट राखून ठेवला. स्पर्धा संपली, चौकशी काही संपली नाही. रुक्मी चौथी आली. परतीच्या गाडीत सर आणि परशा एका डब्यात बसले नाहीत.

*

बारावीचं वर्ष शिल्लक होतं. एकच स्पर्धा, एकच संधी. आणि या वेळी काय करायचं, यावर आमच्या गिरणीत जी मसलत झाली, तशी मसलत जगात दुसरीकडं कुठं झाली नसेल.

सर स्वतःच्या चुकीनं पोळलेले. त्यांनीच उपाय काढला. "रुक्मी मशीनसारखं खेळते, हाच प्रॉब्लेम आहे. तिला थोडं चुकायला शिकवलं पाहिजे."

परशा म्हणाला, "चुकायला? शिकवायचं?"

"थोडंसं. हरण्याइतकं नाही. संशय येणार नाही इतकंच. तिच्यात दम आहे, दुसऱ्या नंबरच्या चालीनंही ती जिंकेल."

आणि आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या! मीसुद्धा. झडतीनंतर ती पोर ज्या तोंडानं खोलीबाहेर आली होती, ते तोंड परत बघायचं नव्हतं कुणाला.

सराव असा चालायचा. फोनमधलं इंजिन सर चालू करायचे, त्याला रेंज लागत नाही. मांडणी लावायची. रुक्मीनं सगळ्यात चांगली चाल मनात शोधायची. फोनवर ताडून बघायची. तीच आली, की ती सोडून द्यायची आणि दुसरी खेळायची. पहिली चाल खेळली की सर टेबलावर बोट आपटायचे. "जरा माणसासारखं खेळ!"

सुरुवातीला तिला जमेना. चांगली चाल दिसली की हात तिकडंच जायचा. मग हळूहळू हात अडखळायला लागला. नंतर तर असं झालं, की चांगली चाल दिसली की ती आधी मान वर करून बघायची, कुणी पाहतंय का.

फक्त अण्णा या भानगडीत नव्हते. एक दिवस दळण घेऊन निघताना म्हणाले, "म्या बी माणूसच हाय. म्या बी चांगलीच चाल हुडकतो. मला सापडत न्हाई, ही गोष्ट निराळी!"

सरांनी ऐकलं नाही. आम्हीही नाही.

*

आणि हा शेवटचा.

दुसऱ्या वर्षीची स्पर्धा, शेवटची फेरी. जिंकली तर पहिल्या तिघांत, बरोबरी झाली तर नाही. सगळं तिला ठाऊक होतं, आम्हालाही. केस तिनं स्वतःच कापून आखूड केले होते. कानांत काही नव्हतं. परशा आणि मी दोरीच्या अलीकडं उभे. सर बाहेर व्हरांड्यात, त्यांना आत बघवत नव्हतं.

शेवटाला तिचं एक प्यादं वरच्या पट्टीला टेकायला आलं होतं, दुसरं बरंच मागं होतं. समोरच्या मुलाकडं राजा आणि हत्ती. माझ्यासारख्याला सुद्धा दिसत होतं! प्यादं पोचलं की वजीर घ्यायचा नाही, घोडा घ्यायचा. घोड्याचा राजाला शह बसत होता आणि त्याच चालीत हत्तीही मारात येत होता. हत्ती गेला की मागचं प्यादं निवांत वजीर होणार. वजीर घेतला, तर मात्र तो हत्ती शहावर शह देत बसणार, आणि त्यातून सुटका नाही.

समोरच्या मुलालाही ते दिसलं होतं. त्यानं पेनाचं टोपण काढून ठेवलं होतं. हार मानून सही करायची तेवढी बाकी होती.

रुक्मीनं प्यादं पुढं सरकवलं. हात पटाबाहेरच्या सोंगट्यांकडं नेला. घोडा आणि वजीर शेजारी शेजारी पडले होते. तिनं मान वर करून दाराकडं बघितलं. मग मान खाली घातली आणि वजीर उचलून ठेवला.

तो मुलगा तिच्याकडं बघतच राहिला. मग त्यानं शह दिला. पुन्हा शह दिला. पुन्हा. शेवटी बरोबरी मानून दोघांनी हात मिळवले.

मागच्या सालचेच पंच होते. ते टेबलापाशी आले, चाली बघितल्या आणि समाधानानं हसले. "छान खेळलीस. अगदी नैसर्गिक खेळ!"

परतीच्या गाडीत बसलो. तिनईघाट स्टेशन मागं गेलं, बाहेर रान सुरू झालं. परशानं खिडकीतून बाहेर बघतच विचारलं, "पोरी, घोडा दिसला न्हाई व्हय तुला?"

"दिसला की."

"मग?"

रुक्मीनं आपल्या आखूड केसांवरून हात फिरवला.

"ती बाई दारातच हुभी हुती, आप्पा."